येसूकाकूंची सात नगरं

येसूकाकूंना कुणी ‘तुम्ही थापा मारता’ असं म्हटलं तर त्या हसायच्या. पण ‘तुमच्या सांगण्यात गफलत आहे’ असं म्हटलं, की त्यांचा चेहरा पडायचा. हातातलं काम बाजूला ठेवून त्या विचारायच्या, “कुठे गं? कोणत्या नगरात?” आणि खरंच गफलत निघाली, तर ती निस्तरल्याखेरीज त्यांना जेवण गोड लागायचं नाही.

मी लग्न होऊन देवासला आले तेव्हा गावात दोन राजे नांदत होते, थोरल्या पातीचे आणि धाकट्या पातीचे. गाव एक, वाटे दोन. आमचं घर धाकट्या पातीत आणि समोरचं येसूकाकूंचं थोरल्या पातीत. मधे जेमतेम दोन बैलगाड्या जातील एवढा रस्ता. आमटी उकळल्यावर घरात मीठ नाही हे ध्यानात आलं, की मी वाटी घेऊन परराज्यात जात असे.

त्यांची माझी ओळख झाली ती माझ्या आगाऊपणामुळे. श्रावणातला शुक्रवार होता. आमच्या घरी बायका कहाणी ऐकायला जमल्या होत्या. सांगणार अर्थातच येसूकाकू, कारण त्यांना सगळ्या कहाण्या तोंडपाठ. बुटक्या, गोल बांध्याच्या, एक भुवई दुसरीपेक्षा जराशी वर, त्यामुळे सदा काहीतरी विचारायच्या बेतात असल्यासारख्या दिसायच्या. त्यांनी हातात अक्षता घेतल्या आणि सुरुवात केली, “आटपाट नगर होतं.”

“कुठे होतं?” मी विचारलं.

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. सासूबाईंनी डोळे वटारले. नव्या सुनेनं कहाणीत तोंड घालायचं, आणि तेही पहिल्याच वाक्याला! मी पदर ओढून घेतला. पण येसूकाकूंनी अक्षता खाली ठेवल्या आणि माझ्याकडे अशा पाहू लागल्या, जणू वीस वर्षं दाराशी वाट पाहिलेला पाहुणा आज आला होता.

“कोणतं गं?” त्या हळूच म्हणाल्या. “सात आहेत.”

त्या शुक्रवारी कहाणी पुरी झाली की नाही ते मला आठवत नाही.

पुढं माझं त्यांच्याकडे रोजचं जाणं झालं. दुपारी त्या तांदूळ निवडायला बसत. ताटात तांदूळ पसरायचे, बोटानं रस्ते ओढायचे, आणि निवडताना निघालेले खडे जागोजागी मांडायचे. खडे म्हणजे देवळं. मसुरीचा एखादा दाणा निघाला तर तो राजवाडा. अशा रीतीनं अख्खं नगर उभं राहायचं. मग आतून बापूकाकांच्या खाकरण्याचा आवाज आला की काकू देवळं वेचून अंगणात टाकायच्या आणि उरलेलं नगर धुऊन चुलीवर चढवायच्या.

सगळ्यांत त्यांचं लाडकं नगर म्हणजे झाकणपूर. “तिथं वर आभाळ नाही, झाकण आहे. पितळेचं. तिथला देव वाफोबा. त्याला मूर्ती नाही. पहाटे चुलीवर दिसतो तेवढाच. त्याला नैवेद्य दाखवायचा नाही, नुसता वास द्यायचा. वर्षातून एकदा पुजारी शिडी लावून वर चढतात आणि झाकण किलकिलं करून बघतात, गाव शिजलं का ते.”

“आणि शिजलं असेल तर?”

“अजून तरी कच्चंच आहे म्हणतात. पण शिजल्यावर वाढायचं कुणाला, यावरून दोन पंथ आहेत. एकमेकांच्या घरचं पाणी पीत नाहीत.”

कांसनगरीत तर कुणी खोटं बोललं, की घरातली भांडी आपोआप वाजायची. ती तिथल्या ठणकाई देवीची जादू. त्यामुळे त्या नगरात लग्नं जमवायला मध्यस्थ बाहेरगावाहून आणावा लागे, कारण गावच्या माणसानं मुलीची उंची सांगायला तोंड उघडलं, की फडताळं दणाणून उठायची. आणि सावळीनगरात दुपारी बाराला माणसांच्या सावल्या देवदर्शनाला जायच्या. त्या परत येईस्तोवर माणसानं हलायचं नाही, असा तिथला धर्म. काकू रोज जेवणानंतर घटकाभर आडव्या व्हायच्या त्या या धर्माच्या आधारे. सासूबाई म्हणायच्या, “येसू, झोपतेस काय दिवसाढवळ्या?” तर डोळे न उघडता उत्तर यायचं, “झोपत नाही हो. थांबलेय.”

या सगळ्याला एकच माणूस साक्षी होता, बापूकाका. सडपातळ, पगडीच्या ओझ्यानं मान जराशी वाकलेली. थोरल्या पातीच्या देवस्थानांच्या दप्तरात ते कारकून होते. कोणत्या देवळात किती दिवे, कोणत्या पुजाऱ्याची कोणती पाळी, सगळं त्यांच्या सुरेख मोडी अक्षरात. घरात मात्र ते बोलत म्हणून नसत. काकू स्वयंपाकघरातून विचारायच्या, “अहो, वाफोबाच्या पुजाऱ्याला सोवळं असावं का?” बापूकाका पुष्कळ विचार करून म्हणायचे, “असावं.” बस. पण त्या एका शब्दावर काकू दिवसभर खूश असायच्या. देवस्थानांच्या दप्तराचा शेरा मिळाला होता ना!

असं सगळं ताटापुरतं चाललं होतं, तोवर ठीक होतं. घोटाळा झाला तो रामप्यारीच्या म्हशीपायी.

रामप्यारी आमच्या दोन्ही राज्यांना दूध घालायची. एके सकाळी ती चरवी न घेताच आली आणि काकूंच्या उंबऱ्यावर बसून मोठ्यानं रडू लागली. “बई, म्हारी चंदा गमी गी!” चंदा म्हणजे तिची म्हैस. दोन दिवस पत्ता नव्हता. सोनकच्छच्या वाटेवर कुणी पाहिली म्हणत, कुणी म्हणत टेकडीमागे.

काकूंना कुणाचं रडणं बघवत नसे. त्या तिच्याजवळ बसल्या आणि तिची समजूत घालायला म्हणून सांगू लागल्या. “रो मत गं. हे बघ, माघारपूर नावाचं एक नगर आहे. तिथली देवी माघाई फार लाजरी. तोंडावर बघणाऱ्याला ती काही देत नाही. म्हणून तिथं वस्तू हरवली की बाई घरातून उलटी निघते. अकरा पावलं मागे मागे चालायचं आणि हरवलेल्याला लाडाच्या नावानं हाक मारायची. वळून बघायचं नाही. की देवी पाठीमागून आणून देते.”

काकूंच्या दृष्टीनं ही गोष्ट होती. रामप्यारीच्या दृष्टीनं तो उपाय होता. तिनं डोळे पुसले, उठली, आणि उंबऱ्यावरून उलटी रस्त्यावर उतरली. “चंदा, ए चंदाराणी!” करत एक एक पाऊल मागे टाकू लागली. मी आमच्या ओट्यावरून बघत होते. नवव्या पावलाला तिची पाठ कशाला तरी थडकली. ते काहीतरी ऊनऊन होतं आणि रवंथ करत होतं. चंदा आपल्या पायांनी घरी निघाली होती. तोंडात एक धोतर होतं. ते बापूकाकांचं निघालं.

रामप्यारीनं म्हशीच्या गळ्याला मिठी मारली. रस्ता गोळा झाला. सगळ्यांत जास्त चकित झालेल्या होत्या त्या येसूकाकू. त्या पुन्हा पुन्हा मला म्हणत होत्या, “अगं, पण नवव्यालाच कशी? मी अकरा सांगितली होती!”

आठ दिवसांत देवासच्या बायका उलट्या चालू लागल्या. मंगळवार हा वार कुणी ठरवला ठाऊक नाही, पण दर मंगळवारी सकाळी गल्लोगल्ली नुसत्या पाठी दिसायच्या. कुणाची नथ सापडली, कुणाची किल्ली. एका सुभेदारीणबाईंनी अकराव्या पावलाला हलवायाच्या जिलब्यांच्या परातीत बैठक मारली, आणि उठल्यावर खाली त्यांचं हरवलेलं जोडवं मिळालं. ते त्यांच्याच लुगड्याच्या निऱ्यांत अडकलेलं असणार हे मला कळत होतं. पण मला विचारतं कोण? हाटपिपल्याहून एक बाई मुद्दाम बैलांच्या दमणीत बसून आल्या. त्यांचा जावई नाटकमंडळीबरोबर निघून गेला होता. त्यांनी काकूंना विचारलं, “जावयालाही अकराच का हो?”

“छे, जावयाला एकवीस,” काकू पटकन म्हणाल्या. मग जीभ चावली. पण बाई तोवर दमणीत बसल्या होत्या, अर्थात उलट्या.

आणि मग रामप्यारीनं दगड बसवला. शेंदूर लावलेला, हातभर उंच. देवी लाजरी म्हणून तोंड खाली केलेला, आणि तोही नेमका रस्त्याच्या मधोमध. तो कोणत्या पातीत येतो हे कुणालाच सांगता येईना. गाड्या त्याला वळसा घालून जाऊ लागल्या, आणि गाडीवाले वळताना हात जोडू लागले.

त्याच आठवड्यात बापूकाका संध्याकाळी दप्तरातून आले, पगडी खुंटीला लावली, आणि मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं एवढं लांब वाक्य बोलले. मी तेव्हा तिथंच वाटी घेऊन उभी होते.

“आज वरिष्ठांनी विचारलं, माघाईचं देवस्थान कोणत्या पुराणातलं, कोणत्या दप्तरी नोंदायचं. आपल्या स्वयंपाकघरात तयार झालेल्या देवीची नोंद मी माझ्या हातानं करायची का?”

ते रागानं बोलले नाहीत. त्यामुळेच काकूंना जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या तेव्हा डोळे सुजलेले होते. “कृष्णे, इकडची सारी हयात खऱ्या देवांच्या चाकरीत गेली गं. आणि माझ्यापायी आता खोटी नोंद करायची, नाहीतर बायकोनं खोटी देवी बसवली असं लिहून द्यायचं. गोष्ट सांगायची मुभा सगळ्यांना आहे. देव करायची मुभा मला कुणी दिली?”

“मग सांगून टाका ना सगळ्यांना, मी रचलं म्हणून.”

“सांगते,” त्या म्हणाल्या.

ती संधी विनायकशास्त्र्यांनीच आणून दिली. शास्त्रीबुवा मोठे विद्वान आणि त्याहून मोठे तापट. पुढच्या मंगळवारी भर दुपारी ते पोथ्यांचं गाठोडं घेऊन काकूंच्या ओट्यावर चढले. रस्त्यात ही गर्दी.

“टेकडीवर दोघी देवी बसल्या आहेत,” ते गरजले. “थोरली आणि धाकटी. गावाला पुरे आहेत. ही तिसरी कुठली? प्रमाण दाखवा! कोणत्या पुराणात माघाई आहे?”

काकू हात जोडून उभ्या राहिल्या. “कोणत्याच नाही, शास्त्रीबुवा. माघाई नाही, माघारपूर नाही, काही नाही. तांदूळ निवडता निवडता मी मनानं रचलं. लोकांनी विश्वास ठेवू नये. माझं चुकलं.”

शास्त्रीबुवांचा चेहरा उजळला. ते गर्दीकडे वळले. “ऐकलंत? ती स्वतः सांगते आहे!”

मग मागून एक म्हातारी म्हणाली, “सांगणारच. देवी लाजरी, तशी तिची भक्तीणही लाजरी.”

“मोठेपणा घेत नाही हो पोर,” दुसरी म्हणाली.

“अहो, ती नाही म्हणते आहे!” शास्त्रीबुवा ओरडले.

तेवढ्यात रामप्यारी पुढे आली. “तमारी पोथी सांची, म्हाराज. पण म्हारी भैंस बी तो सांची हे!”

शास्त्रीबुवांनी पोथ्यांचं गाठोडं उचललं. संतापानं गर्दीवर नजर रोखून ते ओट्यावरून तसेच मागे मागे उतरू लागले. दोन पायऱ्या उतरले असतील, तोच कुणीतरी काळजीनं विचारलं, “शास्त्रीबुवा, तुमचं काय हरवलं?”

लोक कसेबसे हसू दाबत होते. काकू मात्र हसल्या नाहीत. आपल्या खऱ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, हा अनुभव त्यांना नवा होता.

पुढचे तीन दिवस त्या ताट घेऊन बसल्या, पण नगर मांडेनात. तांदूळ नुसतेच इकडून तिकडे. चौथ्या दिवशी मला खिडकीतून हाक आली. गेले तर भुवई नेहमीपेक्षा दोन बोटं वर.

“रचलेलं मोडायचं नसतं, कृष्णे. मोडलं की लोक चिडतात. ते पुरं करायचं असतं. व्रत आहे ना? मग उद्यापन हवं.”

मंगळवारी दगडापाशी जमलेल्या बायकांना त्यांनी सांगितलं, की माघाई आता माहेरी, माघारपूरला निघाली आहे. पण एकाची वस्तू दुसऱ्याच्या घरात अडकली आहे तोवर तिचा पाय गावातून निघत नाही. हरवलेलं शोधून देणं हे तिचं काम, आणि या गावात मागून नेलेलं आणि परत न केलेलं इतकं आहे की ती बिचारी थकली. तेव्हा येत्या मंगळवारी ज्यानं त्यानं दुसऱ्याचं आपल्या घरात असलेलं आणून द्यायचं. मग देवीची पाठवणी.

प्रत्येकीची नजर शेजारणीच्या पायांकडे. उलटं चालणं सोपं होतं.

मंगळवारी सकाळी पहिल्या काकूच आल्या. डोक्यावर आमचा वरवंटा. माझ्या नवऱ्याच्या मुंजीत नेलेला. सासूबाई म्हणाल्या, “अगं बाई, हा तुझ्याकडे होता होय? मी तर धाकट्या जाऊबाईंशी त्यापायी अबोला धरलाय!” मग बांध फुटला. चाळण्या, रोवळ्या, पाट, आरसे, एक पाळणा, ज्यातलं मूल आता मिसरूड फुटलेलं होतं आणि लाजून कोपऱ्यात उभं होतं. दोन सख्ख्या जावा चकलीच्या सोऱ्यावरून बारा वर्षं बोलत नव्हत्या. सोऱ्या तिसरीच्याच घरातून निघाला. त्या दोघी आता तो मुळात कुणाचा यावरून भांडू लागल्या. पण बोलू लागल्या हे काय थोडं?

दुपारी गर्दी बाजूला झाली आणि विनायकशास्त्री आले. काखेत तांबड्या फडक्यात बांधलेली पोथी. ती त्यांनी उपाध्यांच्या हातात दिली. उपाध्ये त्यांचे जन्माचे प्रतिस्पर्धी. पोथी प्रमाण तपासायला म्हणून नेली होती, त्याला अकरा वर्षं झाली होती.

“माझं माघाईबद्दलचं मत बदललेलं नाही,” शास्त्रीबुवा सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले. “पोथी मात्र यांची आहे.”

उपाध्यांनी पोथी कपाळाला लावली. म्हणाले, “बसा. पान खाऊ.”

संध्याकाळच्या आत रामप्यारीनं दगड उचलून डोक्यावर घेतला. तिचे डोळे भरून आले होते. “बई, उल्टी चालूं के सीधी?”

“सरळ जा गं,” काकू म्हणाल्या. “माहेरी जायला कशाला लाजायचं?”

दगड तळ्यात गेला. दुसऱ्या दिवशी बापूकाकांनी जागेची रीतसर पाहणी केली आणि ‘सदर ठिकाणी देवस्थान आढळत नाही’ असं लिहून दिलं. त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. त्या संध्याकाळी ते घरी आले आणि काकूंनी न विचारताच म्हणाले, “उद्यापन चांगलं होतं.” काकूंनी हे मला त्या आठवड्यात सहा वेळा सांगितलं.

यापुढे देवदेवतांचं काही रचायचं नाही, असं त्यांनी टेकडीवर जाऊन कबूल केलं होतं. ते चार दिवस टिकलं. मग त्यांनी मधला मार्ग काढला. प्रत्येक गोष्टीआधी बजावून सांगायच्या, “हे मी रचलेलं आहे हं.” बायका मान डोलवायच्या आणि एकमेकींकडे बघून डोळे मिचकावायच्या.

बापूकाका सेवेतून निवृत्त झाल्यावर ती दोघं धारला गेली. धार काकूंचं माहेर. समोरच्या घरात दुसरं बिऱ्हाड आलं. भली माणसं होती, पण त्यांच्याकडे गेलं की मीठ तेवढं मिळायचं.

चार-पाच वर्षांनी एका लग्नासाठी मी धारला गेले. काकूंचे केस पांढरे झाले होते, गुडघे धरले होते. मला बघून म्हणाल्या, “बरी आलीस. मांडूला जाऊ. एवढी धारची मी, पण कुणी नेलंच नाही कधी. लहानपणी पोरींना कोण नेतं? आणि पुढं देवासला येऊन पडले.” बापूकाकांनी निघताना फिरकीचा तांब्या पाण्यानं भरून दिला आणि “जपून” म्हणाले.

वर गडावर पडके महाल, मोठमोठी तळी, आणि माणूस नाही. माझी खात्री होती, की आता काकू सुरू होणार. इथं कोण राहत होतं, त्यांचा देव कोणता, मंत्र कोणता, सगळं येणार. त्यांना तर रिकामं ताटही पुरायचं. पण त्या काहीच बोलेनात. कमानीखाली एक म्हातारा माळवी वाटाड्या बसला होता. तो काठी टेकत आमच्यापुढे चालू लागला आणि एका तळ्याकाठी थांबला.

“यां राणी को एक सूवो थो, बई,” तो म्हणाला. राणीचा पोपट. दरवर्षी तो म्हणे ढग आणायला समुद्रावर जायचा. “एक बरस बीजळी से उको मन लागी ग्यो.”

आणि वीज तर कुठंच थांबत नाही, म्हणून तो पोपट अजून तिच्यामागे फिरतो आहे. म्हातारा बोलता बोलता थांबत होता, तळ्याकडे बघत होता, मग पुढचं सांगत होता. दोनदा त्यानं पोपटाचा रंगही बदलला. मी काकूंच्या कानाशी लागले. “काकू, हा उभ्या उभ्या रचतोय.”

“गप गं,” त्या कुजबुजल्या. नजर म्हाताऱ्यावरून हलली नाही. “चांगलं रचतोय.”

म्हातारा पुढच्या महालाच्या पायऱ्या चढू लागला. मी थकून कट्ट्यावर बसले. काकू थांबल्या नाहीत. एका हातानं लुगड्याचा घोळ उचलून, दुसरा हात दुखऱ्या गुडघ्यावर दाबत, त्या एक एक पायरी त्याच्यामागून चढत गेल्या. आतल्या काळोखात दोघंही दिसेनाशी झाली. नुसता आवाज येत होता, लहान मुलीच्या उतावळेपणानं विचारणारा.

“मग? पुढं कईं वियो, भिया?”